मोहोर खुडणारे लिमये सर

लिमये सरांच्या पडवीत कुणी आजारी लॅपटॉप घेऊन आला की सर आधी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत. मग लॅपटॉपकडे न बघताच विचारत, "शिकायचंय की वापरायचंय?" माणूस साधा असला तर म्हणे, "वापरायचंय." झालं. सर एका बोटाने तो लॅपटॉप टेबलावरून हळूच त्याच्याकडे परत सरकवत. रागवायचे नाहीत. पुजाऱ्याने सोवळं न पाळणाऱ्याचा नारळ बाजूला सारावा, तसं ते बोट असे. "मग बाजारात जा," ते म्हणत. "तिथे चोरीची विंडोज घालून देतात. गुलामांची सोय तिथे आहे."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते बोट फार आवडलं होतं. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपात होते. युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या घरी येऊन पडत, आणि बालभारतीच्या आधी मी 'बंधूंनो आणि भगिनींनो' वाचायला शिकलो. त्यामुळे सर जेव्हा म्हणाले, की संगणक चालवणारी प्रणाली कुणाच्या मालकीची नसावी, ती कुणीही उघडून वाचावी, बदलावी, शेजाऱ्याला फुकट द्यावी, तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच बोलणं. लिनक्स ही अशीच बिनमालकाची प्रणाली. ते तत्त्व मला आजही सोळा आणे मान्य आहे. म्हणूनच सरांबद्दल लिहिताना माझी लेखणी मऊ होत नाही. तत्त्वाचा शत्रू परवडतो. त्याच्याशी निदान उघड भांडता तरी येतं.

सर कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले. वरच्या आळीत घर, पावस गावाच्या बाजूला हापूसची बाग. दोन हजार सहा-सातच्या त्या काळात त्यांनी 'मुक्त संगणक मंडळ' काढलं होतं. दर रविवारी सकाळी त्यांच्या पडवीत ते भरे. एक बँकेतले अभ्यंकर, दोन मास्तर, एक वकील, आणि मी. पंख्याचा आवाज ऐकून त्याचं काय बिघडलंय ते सर सांगत. रंगाच्या बारक्या ब्रशाने ते कीबोर्डमधली धूळ अशी काढत, की जणू देवाचे टाक पुसताहेत. कुणाकडून कधी कशाचे पैसे घेतले नाहीत. हे सगळं खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. माणूस हाताने कुशल आणि व्यवहाराने स्वच्छ असला, म्हणजे तो बाकीच्यांना किती छळू शकतो, हे मला त्या पडवीतच कळलं.

मंडळाने एक कार्य हाती घेतलं होतं. जुन्या, टाकाऊ लॅपटॉपवर नवशिक्या माणसाला चालवता येईल अशी लिनक्सची सोपी आवृत्ती निवडायची आणि रत्नागिरीत घरोघर पोचवायची. लिनक्सच्या आवृत्त्या शेकडो. काही नव्या दणकट यंत्रांसाठी, काही मरायला टेकलेल्या यंत्रांसाठी. काही चित्रांवर बोट ठेवून चालणाऱ्या, काहींमध्ये काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप केल्याशिवाय पान हलत नाही. निवडीचं काम महिनाभराचं. मंडळाचं पाऊस संपून आंबा आला तरी चाललेलं होतं. प्रत्येकाची एक लाडकी आवृत्ती होती आणि आपल्या बागेतल्या कलमाची तारीफ करावी तशी जो तो तिची तारीफ करी. वकिलांना एकीचा परवाना पटत नव्हता. एका मास्तरांना दुसरीच्या पडद्याचा निळा रंग 'बाजारू' वाटत होता. जी खरोखर सोपी निघे, तिच्यावर सर शेवटी शेरा मारत, "सोपं ते सैल."

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आमसुलाचं सरबत घेऊन बाहेर येत. एकदा मी ग्लास ठेवायला आत गेलो तर आतल्या खोलीत दुसरा संगणक, आणि त्यावर ठसठशीत विंडोज. माझा चेहरा पाहून काकू म्हणाल्या, "अरे, मुलगा अमेरिकेत ना. यांच्या त्या काळ्या पडद्यावर नातवाचं तोंड दिसत नाही हो. आणि यांनाही बघायचं असतं. रविवारी तुम्ही गेलात की पहिले हेच येऊन बसतात." बाहेर गुलामांवर प्रवचन चाललेलं होतं.

पण हे ढोंग मी सरांना माफ केलं असतं. नातवापुढे कुणाचं तत्त्व टिकतं? माफ करता आली नाही ती त्यांची एक रीत.

आमच्याकडे हापूसचं नवं कलम लावलं की पहिली काही वर्षं त्याला मोहोर धरू देत नाहीत. कितीही छान फुटला तरी खुडून टाकतात. झाड फळात गुंतत नाही, मुळं धरतं. बागायतीत ही रीत शहाणपणाची आहे. लिमये सर ती माणसांवर चालवत. नवशिक्याने धडपडून काही चालू केलं, आवाज आणला, छपाई जमवली, की सर कौतुकाने ते बघत, "उत्तम" म्हणत, आणि सगळं पुसून टाकत. "मोहोर खुडला. आता परत कर. आता मूळ धरेल." अभ्यंकरांनी महिनाभर खपून गाणी वाजवून दाखवली होती. सरांनी तिथल्या तिथे डिस्क साफ केली. अभ्यंकर त्याची फुशारकी मारत, "सरांनी माझा तीनदा खुडलाय!" बँकेतली नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार. त्यांचा मोहोर खुडून कुणाचं काय जात होतं? गाणी पुढच्या महिन्यात वाजली असती.

वंदनाताईचं तसं नव्हतं.

ती बंदरावरच्या कोळीवस्तीतली, मिरकरवाड्यातली. तिची आई आमच्या आळीत मासळीची टोपली घेऊन यायची, त्यामुळे मी तिला लहानपणापासून ओळखत होतो. बाहेरून बी.ए. झालेली, आणि तोवर दर हंगामात कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जाणारी. बर्फाने आणि कोळंबीच्या काट्यांनी तिची बोटं कायम फुटलेली असत. त्या वर्षी शहरातल्या एका सरकारी कार्यालयात लिपिकाची जागा निघाली. लेखी परीक्षा ती पास झाली. उरली होती संगणकावर मराठी टायपिंगची चाचणी. वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती, पुढच्या जाहिरातीत ती बसणार नव्हती. म्हणजे ही एकच. टायपिंग क्लासचं चालू सत्र भरलेलं, आणि सायबर कॅफेत मराठी अक्षर उमटायचं नाही. घरात होता तो भावाने आखातातून आणलेला एक जुना, जड लॅपटॉप. त्याच्या साहेबाने टाकून दिलेला. तो व्हायरसने पार बसला होता.

ती पडवीत आली तेव्हा सरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "शिकायचंय की वापरायचंय?"

"वापरायचंय."

बोट पुढे आलं, लॅपटॉप सरकला. वंदनाताईने तो दोन्ही हातांनी परत पुढे सारला. "शिकून वापरतंय, नायतर वापरून शिकतंय. तुमी म्हणाल तसं. पण चाचणीच्या आधी व्हायला हवं, सर."

मंडळ हसलं. सरही हसले. "बस गो. आम्ही मासा हातावर ठेवत नाही, मासेमारी शिकवतो."

वरच्या आळीतला, जन्मात मासळीला बोट न लावलेला माणूस मिरकरवाड्याच्या मुलीला हे सांगत होता. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आईला सांगतंय हां दिनू, सर मासेमारी शिकवणार म्हणून. बरं वाटंल तिला."

मग शिकवणं सुरू झालं. पहिल्या रविवारी संगणकाचा इतिहास. दुसऱ्या रविवारी डिस्कचे भाग कसे पाडतात. तिसऱ्या रविवारी काळा पडदा, त्यावर आज्ञा, आज्ञांची पाठांतरं. तिने सगळं पाठ केलं. सर तिच्यावर खूश होते, "हिची जात चांगली आहे, कलम धरेल" असं तिच्यासमोरच म्हणत. मराठीचं एक अक्षर अजून उमटलं नव्हतं. ती विचारी, "सर, टायपिंग कधी?" सर म्हणत, "पाया झाल्याशिवाय कळस?"

मंडळाच्या कपाटात एक सीडी होती. एका मासिकाबरोबर आलेली, जुन्या यंत्रांसाठीची, नवशिक्यांसाठीची आवृत्ती. चाचणीला जी अक्षरांची मांडणी होती तीच तिच्यात तयार होती. 'सैल' म्हणून सरांनी नापास केलेली. मी ती मागून घेतली आणि मिरकरवाड्यात वंदनाताईच्या घरी बसून लॅपटॉपवर घातली. म्हातारा सीडी ड्राइव्ह खोकला, थांबला, पुन्हा चालला. पण संध्याकाळच्या आत पडद्यावर तिने स्वतः 'वंदना' लिहिलं. तिची आई टोपली बाजूला ठेवून बघायला आली. "माजं लिही," म्हणाली. तेही लिहिलं. पुढचे सगळे दिवस वंदनाताई शेडवरून आली की टाइप करत बसे. फुटलेल्या बोटांना पट्ट्या गुंडाळून. वेग चाचणीला लागतो तेवढा येत चालला होता.

चाचणी बुधवारी होती. आधीच्या रविवारी ती पडवीत आली, ती शिकायला नाही. परीक्षेआधी शिकवणाऱ्याच्या पाया पडावं, ही आमच्याकडची पद्धत. पेढे घेऊन आली होती. लॅपटॉपही आणला होता, कारण सरांचा दंडक होता, पडवीत यायचं ते यंत्र घेऊनच. ती सरांच्या पाया पडली. "बघा सर, मराठी येतंय," म्हणून तिने चार ओळी टाइप करून दाखवल्या. सरांनी वाकून पाहिलं. "उत्तम," म्हणाले. "कुणी घातलं?"

"दिनूने. तुमच्या कपाटातल्या सीडीने."

"हं," सर म्हणाले. काकूंनी आतून हाक मारली, वंदनाताई पेढे द्यायला आत गेली. सरांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला, काळा पडदा उघडला, एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं. मला वाटलं, आत काय काय आहे ते बघताहेत. ती बाहेर आली तेव्हा पडद्यावर नुसती एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

"काय झालं?"

"मोहोर खुडला," सर प्रेमाने म्हणाले. खरोखर प्रेमाने. लेकीला निरोप देणाऱ्या बापाचा चेहरा होता तो. "उसनं होतं ते, तुझं नव्हतं. आता पायापासून स्वतः उभं कर. मग कुणी काढून घेऊ शकणार नाही."

"सर, बुधवारी चाचणी हाय."

"चाचण्या येतात नि जातात."

"माजी येत नाय परत. वय संपलं."

"अगो, शिकण्याला वय नसतं!"

अभ्यंकर "वा" म्हणाले. मी शपथेवर सांगतो, 'वा' म्हणाले.

वंदनाताईने लॅपटॉप मिटला. आवाज चढवला नाही. मासळीच्या लिलावात ओरडायची सवय असलेल्या घरातली बाई आवाज चढवत नाही, तेव्हा समोरच्याने घाबरावं. "सर, आमी पण पोरांना मासे मारायला शिकवतो. पण शिकवायसाठी म्हणून होडी बुडवत नाय. होडीत बसवूनच शिकवतो." मग टेबलावरची सीडी उचलली. मीच ती त्या सकाळी परत आणून ठेवली होती.

"ती ठेव," सर म्हणाले. "तुलना पूर्ण झालेली नाही. मंडळाची प्रत आहे, बाहेर न्यायला ठराव लागेल."

"तुमीच सांगितलंत पहिल्या रविवारी. कोणाच्या मालकीची नाय, कोणीपण घ्यावी, शेजाऱ्याला द्यावी. मी शेजारीण नाय काय?"

सरांचं ते सुप्रसिद्ध बोट टेबलावर तसंच राहिलं. ती पायऱ्या उतरली. मी लॅपटॉप उचलून तिच्यामागे गेलो आणि त्या पडवीत पुन्हा चढलो नाही.

पुढे काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. पहिल्या वेळेला कसाबसा चाललेला तो सीडी ड्राइव्ह दुसऱ्या वेळेला अर्ध्यावर येऊन बसायचा. पुन्हा सुरुवात करावी तोच लोडशेडिंग, आणि लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली. रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी दुपारी ती आवृत्ती एकदाची उभी राहिली. वंदनाताईने जेवण सोडून टाइप केलं, पण थांबलेल्या हाताची लय परत यायला तेवढा वेळ पुरत नाही. बुधवारी ती चाचणीला बसली. वेग थोडक्यात कमी पडला. नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्या माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही.

सर ते ऐकून म्हणाले, असं मला अभ्यंकरांकडून कळलं, "बघा, घाईने धरलेलं फळ गळतंच." गळालेलं फळ आपणच दांड्याने पाडलं, हे त्या तल्लख डोक्यात शिरलं नाही. मी पुष्कळ गर्विष्ठ माणसं पाहिली आहेत, पण स्वतःच्या निर्दयतेला शिस्त समजून इतकं शांत झोपणारा दुसरा पाहिला नाही. पेन्शन, बाग, अमेरिकेतला मुलगा. ज्याला कशाचीच निकड नाही, त्याला दुसऱ्याची निकड ही चारित्र्यातली खोट वाटते. स्वातंत्र्याचं पत्रक अशा माणसाच्या हाती पडलं, की तो आधी दाराशी उभा राहून येणाऱ्यांचे पाय तपासतो.

वंदनाताई पुढचा हंगाम पुन्हा शेडवर गेली. मग कोर्टाजवळच्या दुसऱ्याच एका वकिलाकडे टायपिस्ट म्हणून लागली. पगार बेताचा, सुट्टी वकिलाच्या मर्जीवर. तो जड लॅपटॉप तिने तिथेही नेला आणि त्याच 'सैल' आवृत्तीवर अर्ज, करारनामे, नोटिसा टाइप केल्या. शेजारच्या दोन मुलींच्या यंत्रांवरही तिने ती घातली. सीडीवर चरे पडले होते, तरी चालत होती.

काही वर्षांनी सर गेले. झोपेत, शांतपणे. मंडळाने वाचनालयाच्या सभागृहात शोकसभा ठेवली. आयुष्यभर पत्रकं वाचलेल्या माणसाला सभा टाळता येत नाही, म्हणून मी मागच्या रांगेत बसलो. सर ऋषितुल्य होते, असं एक मास्तर म्हणाले. सर निर्मोही होते, असं वकील म्हणाले. सरांनी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही, असं अभ्यंकर म्हणाले. नवशिक्यांसाठी सोपी आवृत्ती निवडण्याचं सरांचं कार्य अपूर्ण राहिलं, ही खंत तिघांनीही व्यक्त केली. ती निवड तोवर झालीच नव्हती. ज्या आवृत्त्यांची तुलना चालली होती, त्यांतल्या निम्म्या जगातून बाद झाल्या होत्या.

वंदनाताई आली होती. काकूंनी तिला निरोप पाठवला होता. अध्यक्षांनी तिला पाहिलं आणि उत्साहाने पुकारलं, "सरांच्या मंडळातल्या एकमेव विद्यार्थिनी इथे आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

ती पुढे गेली. माइकपाशी उभी राहिली. "सर हुशार व्हते," ती म्हणाली. "माज्याशी कधी वाईट बोलले नाय. सगळे बोलले, सरांनी कोणाचं वाईट केलं नाय. माजं केलं. माजी नोकरी घालवली. मुद्दाम नाय घालवली, ते मला ठाऊक हाय. त्यांना वाटलं, माजं भलं करतायत. ते आता गेले, त्यांना काय बोलायचं. पण तुमी सगळे तितं बसलेले व्हतात. एकानं तरी बोलायचं व्हतं, 'सर, आधी तिला विचारा.'"

सभागृहात कुणीतरी खुर्ची हलवली. अध्यक्ष उठले. "वंदनाताईंनी आपल्या भावना मोकळेपणाने मांडल्या, त्याबद्दल आभार," असं म्हणून त्यांनी घाईघाईने सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं.

सगळे उभे राहिले. वंदनाताई माइकपाशीच उभी होती. तिने मान खाली घातली नाही. पहिल्या रांगेतल्या अभ्यंकरांकडे तिने पाहिलं, मग वकिलांकडे, मग मास्तरांकडे, मग मागे माझ्याकडे. एकेकाकडे, सावकाश. दोन मिनिटं संपली, अध्यक्ष "धन्यवाद" म्हणाले, तरी आमच्यातल्या कुणाचीच मान वर यायला तयार नव्हती.